सिनेमा कसा वाटला?



सिनेमा पाहून माणूस घरी परतला, की घरातली मंडळी पहिला प्रश्न विचारतात तो एकच. "कसा होता?" आणि आपलेही उत्तर तयारच असते. "झकास!" नाहीतर "छे, काही दम नाही!" अडीच-तीन तास अंधारात बसून आपण हसलेलो असतो, घाबरलेलो असतो, शेजारच्याला कळू न देता डोळेही पुसलेले असतात. पण उंबरा ओलांडला, की त्या सगळ्याचा निकाल एका शब्दात लावून आपण हातपाय धुवायला जातो. आज मला या निकालाविषयीच थोडे बोलायचे आहे.

आमच्या सोलापुरात शुक्रवारी नवा चित्रपट लागतो आणि शनिवारी सकाळी महाविद्यालयाबाहेरच्या चहाच्या टपरीवर त्याचा निकाल लागलेला असतो. तो कधी मराठीत लागतो, कधी कन्नडमध्ये, कधी हिंदीत; आणि पूर्व भागातली मुले जमली असली, तर तेलुगूत. हातमाग आणि यंत्रमागाच्या निमित्ताने तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबे या शहरात पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत, त्यामुळे तेलुगू चित्रपटालाही इथे हक्काचा प्रेक्षक आहे. पण भाषा कोणतीही असो, निकालाची रीत एकच. "पाचपैकी चार." "चार कसले बे, दोन दे की!" "बरं, गाण्यांसाठी एक वाढव." बाजारात मेथीच्या जुडीवरून घासाघीस चालावी, तशी ही गुणांची घासाघीस चालते. मीही चहाचा पेला हातात धरून ती पुष्कळदा ऐकली आहे, आणि खोटे कशाला बोलू, तीत भागही घेतला आहे.

माझ्या लहानपणी गुण देण्याची रीत निराळी होती. मोहोळ तालुक्यातल्या आमच्या गावी यात्रेत तंबूतला सिनेमा येई. पुढे जमिनीवर पोरेटोरे, मध्ये दोरी बांधून एका अंगाला बायका आणि दुसऱ्या अंगाला पुरुष. माझी आत्या सिनेमा पदराने मोजायची. "कसा होता गं?" असे कोणी विचारले, की ती म्हणे, "अर्धा पदर भिजला." १९९१ साली 'माहेरची साडी' प्रदर्शित झाला आणि यथावकाश आमच्या यात्रेतही पोहोचला. त्या रात्री आत्या तंबूबाहेर आली आणि म्हणाली, "पदर पुरला नाही. तुझ्या काकीचा घेतला." माझ्या चुलत्यांचे माप वेगळे. ते सिनेमा बिड्यांनी मोजायचे. तीन वेळा बिडी ओढायला उठून बाहेर आले, तर सिनेमा सामान्य. एकदाच आले, तर बरा. आणि उठलेच नाहीत, तर त्या सिनेमाचे नाव पुढची यात्रा येईपर्यंत त्यांच्या तोंडी असे.

या मापांना आपण हसू. पण त्यांत एक गोष्ट नीट होती. आत्या सिनेमा चांगला की वाईट हे सांगतच नव्हती. सिनेमा पाहताना आपले काय झाले, एवढेच ती सांगत होती. आणि ते तिच्याइतके खात्रीने दुसरे कोण सांगणार?

आता हे तारे देण्याचे प्रकरण आले कुठून? १९२८ साली न्यूयॉर्कच्या 'डेली न्यूज' या दैनिकाने चित्रपटांच्या परीक्षणाबरोबर तारे छापायला सुरुवात केली. सकाळी कामाला निघालेल्या माणसाला सगळे परीक्षण वाचायला सवड नसते; तारे पाहिले की काम भागते. आपल्याकडे रेडिओनेही असाच एक खेळ रुळवला. १९५२ साली रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांचा बिनाका गीतमाला हा कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे त्यात हिंदी चित्रपटगीतांना पायऱ्या मिळू लागल्या. कोणते गाणे कितव्या पायदानावर, यावरून घराघरांत पैजा लागत. गावोगावचे श्रोतासंघ आपल्या आवडत्या गाण्यासाठी पत्रे धाडत. आज तारे देण्याचे काम मोबाईलवर अंगठ्याने होते, एवढाच फरक.

तेव्हा तारे आणि गुण वाईट आहेत असे मी म्हणत नाही. बार्शीजवळच्या एखाद्या खेड्यातून चौघांचे कुटुंब सोलापूरला सिनेमा पाहायला निघाले, तर तिकिटांचे पैसे, एसटीचे भाडे, पोरांचा खाऊ असा खर्च होतो आणि एक दिवसाची मजुरी बुडते. अशा माणसाने आधी कोणाला तरी विचारावे, "बाबा, जाऊ का नको?" हे शहाणपणाचेच आहे. गुण हे ज्याने सिनेमा अजून पाहिलेला नाही त्याच्या उपयोगाचे असतात. पण आपण सगळ्यांनी सिनेमा पाहिलेला आहे आणि तरीही पाहिलेल्यांमध्ये आपण गुणांचीच देवघेव करीत बसलो, तर काय होते? बोलणे सुरू होण्याआधीच संपते. हे मला पुस्तकातून कळले नाही. माझ्या हातून एक चूक झाली, तिच्यातून कळले. ती आज सांगतो.

२०१४ सालच्या फेब्रुवारीत 'फँड्री' हा चित्रपट लागला. दिग्दर्शक नागराज मंजुळे आपल्याच जिल्ह्यातल्या, करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. साहजिकच आमच्या महाविद्यालयात उत्सुकता होती. मी रविवारी चित्रपट पाहिला आणि सोमवारी वर्गात शिरलो, तो मुलांनी विचारलेच, "सर, कसा वाटला?" मी खडू हातात घेतला आणि मोठ्या ऐटीत म्हणालो, "छायाचित्रण सुंदर. पोराचे काम उत्तम. पण संथ आहे. ते डुक्कर पकडणे फार लांबवले आहे. पाचपैकी तीन." मुलांनी माना डोलावल्या. दोघातिघांनी "हो सर, लांबलाय जरा" असे म्हटलेही. विषय संपला आणि आम्ही पाठ्यपुस्तकाकडे वळलो.

पुढे महिन्याभराने मी मुलांना 'मला आवडलेला चित्रपट' या विषयावर निबंध लिहायला दिला. मागच्या बाकावर बसणाऱ्या एका मुलाने कुठल्याशा हाणामारीच्या हिंदी चित्रपटावर पाऊण पान खरडले होते. एरवी तो बरा लिहायचा. मी त्याला बोलावून घेतले आणि म्हणालो, "अरे, हे तुझ्या मनातले दिसत नाही." तो खाली बघून म्हणाला, "फँड्रीवर लिहिणार होतो, सर. पण तुम्ही त्याला तीनच दिले होते."

मी म्हणालो, "मग? तुला आवडला असेल तर लिहायचे." त्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, तुम्ही म्हणालात डुक्कर धरायचं लांबवलंय. ते लांबतंच, सर. आमच्याकडं कधी कधी अख्खा दिवस जातो. आणि लोक बघत उभे असले, की आणखीच लांबतं."

श्रोतेहो, ज्यांनी तो चित्रपट पाहिला आहे, त्यांना तो प्रसंग आठवत असेल. जब्या हा शाळकरी मुलगा. ज्या मुलीवर त्याचा जीव जडला आहे, ती आणि सगळी शाळा बघत असताना त्याला बापाबरोबर डुकरामागे धावावे लागते. गावातली पोरे बघत हसत असतात. मध्येच शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात आणि ते सगळे कुटुंब आहे तिथे ताठ उभे राहते, डुक्कर निसटत असते तरी. मी तो प्रसंग पाहत होतो तेव्हा माझे लक्ष घड्याळाकडे होते. माझा तो विद्यार्थी पाहत होता तेव्हा त्याचे लक्ष बघ्यांच्या तोंडांकडे होते. मी काही महिन्यांनी तो चित्रपट पुन्हा पाहिला. चित्रपट तोच होता, त्याची लांबीही तेवढीच होती. पण या खेपेस मला घड्याळ पाहावेसे वाटले नाही. शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट आपल्या दिशेने येतो, हे मला पहिल्या खेपेसही दिसले होते. कोणाच्या दिशेने, ते दुसऱ्या खेपेस कळले.

माझे मत चुकले याचे मला तितके वाईट वाटले नाही. मते चुकतातच. वाईट याचे वाटले, की माझ्या 'तीन'ने त्या मुलाचे तोंड महिनाभर बंद केले. वर्गात शिक्षकाने गुण जाहीर केले, की तो उत्तरपत्रिकेचा निकाल होतो. त्यावर अपील करायला पोर धजत नाही.

तेव्हापासून मी एक नियम केला. चित्रपटाची चर्चा असो की कवितेची, माझे मत सगळ्यात शेवटी. आणि गुण त्याच्याही नंतर.

या नियमाची परीक्षा दोन वर्षांनी झाली. २९ एप्रिल २०१६ रोजी 'सैराट' प्रदर्शित झाला. दिग्दर्शक तेच, नायिका रिंकू राजगुरू आपल्या अकलूजची. त्या उन्हाळ्यात काय झाले ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. पडद्यापुढे नाचणारी पोरे, ट्रॅक्टरमधून सिनेमाला आलेली गावेच्या गावे. जुलैत वर्ग भरला तेव्हा वर्गातल्या बहुतेकांनी तो पाहिला होता, कित्येकांनी दोनदा-तीनदा. मी म्हणालो, "आज गुण कोणी सांगायचे नाहीत. काय पाहिले तेवढे सांगा."

पहिली दहा मिनिटे गाण्यांतच गेली. मग मी विचारले, "शेवटी थिएटरमधून बाहेर पडताना कोण काय बोलले?" वर्ग एकदम शांत झाला. एकजण म्हणाला, "कोणीच काही बोललं नाही, सर. गाण्याला जे पुढं जाऊन नाचले, तेच माना खाली घालून बाहेर पडले." तो शेवट आठवा. सबंध चित्रपटभर एवढे दणदणीत संगीत, आणि शेवटी एका लहानग्याची पावले आणि पूर्ण निःशब्दता. दिग्दर्शकाने संगीत काढून घेतले आणि ती शांतता प्रेक्षक घरापर्यंत घेऊन गेले.

मग मतभेदाला सुरुवात झाली. बऱ्याच मुलांचे म्हणणे पडले, की पूर्वार्ध बहारीचा, पण दोघे हैदराबादला पळून जातात तिथून चित्रपट रेंगाळतो. 'रेंगाळतो' हा शब्द ऐकून मी कान टवकारले, पण काही बोललो नाही. तेव्हा पूर्व भागातली एक मुलगी उभी राहिली. घरी तेलुगू बोलणारी. ती म्हणाली, "मला तोच भाग आवडला. आर्चीला तिथं एक शब्द येत नाही. हळूहळू ती तेलुगू शिकते. माझी आजी लग्न होऊन सोलापुरात आली, तेव्हा तिला मराठी येत नव्हतं. मीठ मागायला दुकानात गेली, तर बोटानं दाखवायची. सिनेमात ते उलटं झालंय, एवढंच." रेंगाळतो म्हणणारी मुले तिच्याकडे बघत राहिली. ती आजी त्यांच्याच शहरात राहत होती. पण तिच्यासाठी मीठ मागणे हा एक पराक्रम होता, हे त्यांना आज कळत होते.

शेवटी एक मुलगा उठला. माढ्याकडचा, शांत स्वभावाचा. म्हणाला, "सर, गुण सांगायचे नाहीत म्हणालात, पण मी सांगतो. मी शून्य देतो." वर्ग हसला. मी हात वर करून हसू थांबवले आणि विचारले, "का रे?" तो म्हणाला, "सिनेमा बघून आल्यावर आमच्या वडिलांनी बहिणीचं कॉलेज बंद केलं. म्हणाले, एसटीनं यायचं-जायचं नको. सिनेमा चांगला असेल, सर. पण त्याचे पैसे माझी बहीण भरतीय."

आता कोण हसणार? तासाची घंटा झाली तरी कोणी उठले नाही. चूक सिनेमाची की वडिलांची, यावर मुले हमरीतुमरीवर आली. एक म्हणाला, "वडिलांनी सिनेमा उलटा वाचला. मुलीला कोंडलं म्हणून काय होतं, तेच तर दाखवलंय." दुसरा म्हणाला, "बापाच्या पोटात भीती असते, तीही खरी असते." निर्णय काही झाला नाही. पण मी घरी जाताना एकच हिशेब करत होतो. त्या दिवशी मी सगळ्या वर्गाचे गुण घेऊन सरासरी काढली असती, तर ती साडेचारच्या आसपास आली असती. त्या शेकडो गुणांत एक शून्य विरून गेले असते, आणि त्या शून्यामागे घरी बसलेली एक मुलगी आहे, याचा कोणालाच पत्ता लागला नसता.

पुढे काय झाले, असे आपण विचाराल. वर्गातल्या दोन मुली त्याच रस्त्याने एसटीने येत. त्या एका रविवारी त्या मुलीच्या घरी गेल्या, मग आणखी एकदा गेल्या. चहा झाला, तिच्या आईशी बोलणे झाले, वडिलांनी त्यांच्या बसची वेळ विचारून घेतली. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती त्या दोघींबरोबर यायला लागली. हे श्रेय मी सिनेमाला देत नाही आणि माझ्या चर्चेलाही देत नाही. ते त्या दोघींचे. पण तो मुलगा 'शून्य' म्हणाला तेव्हा आम्ही हसून पुढे गेलो असतो, तर त्या दोघी तिकडे गेल्याच नसत्या, एवढे खरे.

आता माझ्या शिक्षक बंधुभगिनींना एक शंका येईल. महाविद्यालयात हे ठीक आहे हो, पण खेड्यातल्या साध्या माणसांना चित्रपटावर काय बोलता येणार? याचे उत्तर शेजारच्या कर्नाटकाने दिलेले आहे. शिमोगा जिल्ह्यातल्या हेग्गोडू या लहानशा गावी के. व्ही. सुब्बण्णा यांच्या नीनासम या संस्थेने १९७३ साली चित्रपट मंडळ काढले आणि सुपारीच्या बागा राखणाऱ्या गावकऱ्यांना देशोदेशीचे उत्तम चित्रपट दाखवले. लोक आले, त्यांनी पाहिले आणि ते बोलले. आपल्याकडचेही एक उदाहरण रेडिओचेच आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या सहकार्याने सुमारे १५० गावांत श्रोतृमंडळे स्थापन केली. पंधरावीस गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, त्यावर चर्चा करायची आणि मग काही कृती करायची, असा तो प्रयोग होता. ऐकणे आणि कृती यांच्यामध्ये चर्चा होती, हे लक्षात घ्या. ती गाळून चालत नाही.

म्हणून मी माझ्या वर्गात विचारतो ते चार प्रश्न आपल्यापुढे ठेवतो. शाळेत, वाचनालयात, गावच्या पारावर, कुठेही ते चालतील. पहिला: कोणता प्रसंग अजून डोळ्यांपुढे आहे? गोष्ट सांगायची नाही, एकच प्रसंग सांगायचा. दुसरा: कुठे कंटाळा आला? आणि तो कंटाळा सिनेमाचा होता, की आपला? तिसरा: या सिनेमातले कोण आपल्या गावात राहते?

चौथा प्रश्न थोडा अवघड आहे: आपण गुण नेमके कोणाला देतो आहोत? डॉ. द्वारकानाथ कोटनीस आपल्या सोलापूरचे. १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर ते चीनला गेले आणि १९४२ साली तिथेच वारले. त्यांच्यावर व्ही. शांताराम यांनी १९४६ साली 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला आणि नायकाची भूमिका स्वतःच केली. आम्हा सोलापूरकरांना तो चित्रपट पाहताना ऊर भरून येतो. यावेच. पण ते पाच तारे शांतारामबापूंच्या दिग्दर्शनाला, की कोटनीसांच्या जिण्याला, हे स्वतःला विचारावे. दोन्हींना दिले तरी हरकत नाही. हिशेब मात्र वेगळा ठेवावा. आपल्या जातीचा, आपल्या गावचा, आपल्या आवडत्या नटाचा म्हणून सिनेमाला चढे गुण देणारे जितके असतात, तितकेच दुसऱ्याचा म्हणून कापणारेही असतात.

हे चार प्रश्न झाले, सगळे बोलून झाले, की मग खुशाल गुण द्या. माझा अनुभव असा, की तोवर गुणांची फारशी कोणाला आठवण राहत नाही. आणि एक पथ्य: घरातल्या वडीलधाऱ्याने, गावातल्या पुढाऱ्याने, वर्गातल्या मास्तराने आपले मत राखून ठेवावे. आपण आधी बोललो, की बाकीचे फक्त हो म्हणतात.

त्या मागच्या बाकावरच्या मुलाने पुढे निबंध पुन्हा लिहून आणला, मी न सांगता. सात पाने होती. मी त्याला गुण दिले नाहीत. खाली एवढेच लिहिले, की हे मला दिसले नव्हते.

तेव्हा श्रोतेहो, आता घरात कोणी सिनेमा पाहून आले, तर "कसा होता?" हे जरा मागे ठेवा. पाणी द्या, बसवा आणि विचारा, "काय पाहिलंस?" आणि मग मध्ये न बोलता ऐका.

नमस्कार.